पाणी न घालता

घरात रस्सा शिजत असेल तर त्यात थोडं पाणी वाढवून शेजाऱ्यालाही द्यावं, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अबू ज़र (रजि.) यांना दिली होती. आमच्या अम्मीचा तो रोजचाच रिवाज होता. अर्धा किलो मटण आणि खाणारी सात माणसं, तरी एक वाटी शेजारी जायचीच. रस्सा पातळ व्हायचा, पण कुणी तक्रार करत नसे.

लग्नानंतर काही वर्षांनी यांची बदली नागपूरला झाली. भाड्याचं घर शोधताना नाव सांगितलं, की घर आधीच दुसऱ्याला दिलेलं असायचं. शेवटी जरीपटक्यात एका सिंधी आजीबाईंनी वरच्या दोन खोल्या दिल्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. अम्माही त्यांतल्याच. लहानपणी लारकान्याचं घर सोडून कराचीहून जहाजाने मुंबईला आणि तिथून नागपूरला आलेल्या. "घर नसणं काय असतं ते मला ठाऊक आहे, बेटा," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडूनच मी सेयल चिकन शिकले. त्यांनी कृती कागदावर लिहून दिली, ती अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. त्यांच्या नातीला ती वाचता येईना. मी मात्र उर्दू शिकलेली, म्हणून अक्षरं जुळवत गेले. ‘बसर’ म्हणजे कांदा. शेवटच्या ओळीतल्या एका शब्दापाशी अडले, कारण त्यातलं एक अक्षर उर्दूत नाहीच. अम्मा हसून म्हणाल्या, "पाणी! ते अजिबात घालायचं नाही." सिंधीतही पाणी म्हणजे पाणीच.

एक किलो कोंबडीला पाच-सहा मोठे कांदे बारीक चिरून घ्यायचे. तीन टमाटर, आठ-दहा लसूण पाकळ्या, अद्रक, चार हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी दही, जुडीभर सांबार, हळद, धणेपूड, दोन वेलच्या, मीठ आणि तेल. सगळं एकाच जाड बुडाच्या गंजात कालवायचं, झाकण लावायचं आणि आच मंद ठेवायची. झाकणावर पाणी ठेवायचं, आत थेंबही नाही. मधूनमधून गंज नुसता हलवायचा. कांदा, टमाटर आणि दह्याला सुटलेल्या पाण्यातच पाऊण तासात कोंबडी शिजते आणि मसाला अंगाबरोबर राहतो. "कोंबडी तू तुझ्याच दुकानातून आण, मला चालते," अम्मा पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

एका पावसाळ्यात त्या तापाने पडल्या. मुलगा-सून बाहेरगावी होते. चार दिवस पेजेवर काढल्यावर म्हणाल्या, "आज सेयल खावंसं वाटतं." महिनाअखेर होती. मी अर्धा किलोच कोंबडी आणली होती आणि घरात आम्ही चौघं. गंजाचं झाकण उघडलं, आणि सवयीने हात पाण्याच्या तांब्याकडे गेला. तिथेच थांबला. पाणी घातलं तर ते सेयल राहणार नव्हतं.

त्या दिवशी मला अम्मीची वाटी नव्याने कळली. पाणी वाढवल्याने सगळ्यांना पुरतं खरं, पण ज्या रश्शात पाणी वाढवता येत नाही, तिथे शेजाऱ्याचा वाटा आपल्याच ताटातून काढावा लागतो. मी चांगले तुकडे अम्मांच्या डब्यात भरले. मुलांना एकेक तुकडा दिला आणि आम्ही दोघांनी कांद्याचा मसाला पोळीशी खाल्ला. संध्याकाळी डबा परत आला. त्यात चार पेढे होते आणि झाकणावर त्यांच्या थरथरत्या हाताचं बोट उमटलेलं होतं.

अम्मा आता मुलाकडे राहतात. खाली नवं कुटुंब आलं आहे. जिन्यात दिसलो की ते नजर चुकवतात, का ते मी विचारलेलं नाही. आज सेयल केलं आहे. एक वाटी झाकून ओट्यावर ठेवली आहे. मगरिब झाली की खाली जाऊन बेल वाजवीन आणि आधी विचारीन, "आमच्या घरचं चालेल ना?" नाही म्हणाले तर वाटी घेऊन परत येईन. पुढच्या वेळी केलं, की पुन्हा विचारीन.