उतरणीचा आवाज

ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. साताऱ्यात गाडी शिकवायला लागल्यापासून मी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल! पसरणीच्या घाटात न्यायचं, सेकंड टाकायला लावायचा, क्लच पूर्ण सोडायला लावायचा. इंजिनाने गाडी आवळून धरली की शिकणाऱ्याचे खांदे सैल पडतात. ते दिसलं की माझा धडा झाला, असं मी समजायचे.

मग सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आल्या आणि त्या वाक्यातला गिअरच गेला.

मी स्वतः अशी गाडी घेतली त्या वर्षी आम्ही महाडला लग्नाला निघालो होतो. महाबळेश्वर सोडलं, मेटतळ्याची वळणं सुरू झाली. दांडा 'डी'वर, पाय ब्रेकवर. पायाखालची गाडी मोकळीच वाटत होती, वळण आलं की ब्रेक, सुटलं की पुन्हा धाव. वाडा-कुंभरोशी जवळ आलं तसा जळक्या लायनरचा वास आला. पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. मी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर वीतभर अंतरावरूनच धग लागत होती. दिराने पाण्याची बाटली काढली, ती मी त्याच्या हातातून घेतली. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, तडकतेसुद्धा. अर्धा तास थांबलो. माणसं भरलेली गाडी होती, मागे दोन लहान मुलं झोपलेली. तो अर्धा तास मी विसरलेले नाही.

महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर खाली सावित्रीकाठी. गाडी आणि माणसं मिळून १४०० किलो धरा आणि उतार १२०० मीटर उंचीचा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर पन्नास लिटरहून जास्त पाणी उकळेल. त्यातली काही वारा आणि रस्ता खातो. बाकीची ब्रेकमध्ये जाते किंवा इंजिनात. तिसरी वाट नाही. ब्रेक तापत गेले की पॅडची पकड कमी होते आणि जुन्या, ओल धरलेल्या ब्रेक ऑइलला उकळी फुटली की पेडलखाली नुसती वाफ उरते. इंजिनाचं तसं नाही. बंद थ्रॉटलमागून हवा ओढताना पेट्रोल इंजिनाला जे कष्ट पडतात, तेच गाडीला धरून ठेवतात, आणि त्यातून होणारी उष्णता काढायला तिथे रेडिएटर आहेच. शिवाय गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की हल्लीचं इंजिन पेट्रोल तोडतं. न्यूट्रल मारून पेट्रोल वाचतं, हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज. आजच्या गाडीत न्यूट्रललाच इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

मग माझी गाडी 'डी'त मोकळी का पळाली? पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. दोन पुल्या, मध्ये पट्टा. सीव्हीटीत पट्टा पोलादी असतो, शेकडो छोट्या पात्यांचा, आणि पुल्यांच्या दोन बाजू जवळ-दूर सरकतात, त्यामुळे पट्टा कधी वर चढतो, कधी आत उतरतो. 'डी'त पाय उचलला की गाडी समजते, हिला आरामात जायचंय. पट्टा सर्वात हलक्या जागी जातो, इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास गुणगुणत राहतं आणि उताराला अडवायला कुणीच नसतं. काही गाड्या उतार ओळखून आपणहून आवळतात, पण घाटात मी त्यावर विसंबत नाही. 'एस' किंवा 'एल'ला दांडा ओढला की इंजिनाकडचा पट्टा आत उतरतो, चाकांकडचा वर चढतो, आणि चाकांना इंजिन वेगाने फिरवावं लागतं. मी ज्याला सेकंड म्हणायचे, ते हेच.

फरक एवढाच, की इथे झटका नाही. गिअर पडला, हे अंगाला कळत नाही, कानालाच कळतं. म्हणून आता मी कान शिकवते.

गेल्या हिवाळ्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. मुलाने नवी गाडी घेऊन दिलेली. मेटतळ्याच्या अलीकडे मी त्यांना आधी ब्रेकने वेग कमी करायला लावला, मग 'एल'. काटा चार हजारापाशी गेला, तसे ते दचकले.

"ताई, गाडी ओरडतेय!"

"ओरडू दे काका. लाल पट्टी अजून लांब आहे. ब्रेकवरचा पाय काढा."

"काढू?"

"काढा."

त्यांनी काढला. गाडी तीसवरून बत्तीसवर गेली आणि तिथेच राहिली. आवाज एका सुरात. थोड्या वेळाने आरशात एक ट्रक दिसला, तेव्हा मी त्यांना ब्रेकला नुसता स्पर्श करायला सांगितलं. इंजिनाने वेग कमी झाला तर मागचे दिवे लागत नाहीत, आणि मागच्याला ते कळायला हवं. पावसाळी धुक्यात तर हवंच. बाकी ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबायचा आणि सोडून द्यायचा. पाय टेकवून ठेवायचा नाही.

वाड्याला चहा झाला. तिथून पुढे आंबेनळी घाटाची खरी उतरण. उतार जरा मोकळा होता म्हणून काकांनी 'एस' ठेवला होता. समोर दरीच्या बाजूला वळणारा एक तीव्र उतार दिसत होता. मी काही बोलले नव्हते. उतार लागायच्या आधीच त्यांनी ब्रेक दाबून सोडला, दांडा खाली ओढला, आणि इंजिनाचा सूर वर चढेपर्यंत मान किंचित तिरकी करून ऐकत राहिले. मी हँडब्रेकजवळ ठेवलेला हात उचलून मांडीवर घेतला.