आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं

२ डिसेंबर २०२४, सोमवार
चिन्नूचा तपासणी अहवाल आज हातात आला. चार पानं. शेवटी सही-शिक्क्याच्या वर एकच ओळ: 'थेरपी घ्यावी.' कोणती, किती वेळा, कशासाठी, काही नाही. सात वर्षांचं लेकरू बोलत नाही म्हणून दोन वर्षं हेलपाटे घातले आणि पदरात ही ओळ. रिक्षात ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "म्हणजे आपण नेमकं करायचं काय?" त्यांना टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला जायचं होतं. उत्तर न देताच मी त्यांना अक्कलकोट रोडला सोडलं.

३ डिसेंबर, मंगळवार
आज जागतिक दिव्यांग दिन. दुपारच्या सुट्टीत पतसंस्थेतच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाचत बसले. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार, त्यांत चिन्नूची स्वमग्नताही आहे. कलम १६ दोनदा वाचलं. शासनमान्य शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, आणि लागेल तो आधार द्यायचा, वेळ पडली तर त्या एकट्या मुलापुरता. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. शाळेत मला आजवर सांगितलं गेलं होतं, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." पद्धत नसेल, कायदा आहे.

९ डिसेंबर, सोमवार
दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. स्वमग्नता मोजायच्या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. डोळ्याला डोळा देतो का, हसलं तर हसतो का. बेरीज ७० किंवा त्याहून जास्त आली की स्वमग्नता धरतात. आई म्हणून प्रत्येक उत्तराला जीव थोडा थोडा होतो. 'कधी कधी देतो' म्हणावंसं वाटतं. पण खरंच सांगितलं. मी झाकून ठेवलं तर मदत त्याचीच जाईल.

१२ डिसेंबर, गुरुवार
आजचा दिवस मोठा.
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. दीड वर्षापूर्वी एकांनी ठणकावून सांगितलं होतं, पोराचा गोंधळ होतो, घरात फक्त मराठी बोला. आम्ही ऐकलं. अत्तम्मांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मराठी बाजारापुरतं. त्या नातवाशी बोलायच्याच थांबल्या. तीस वर्षं विड्या वळलेल्या त्यांच्या बोटांनी त्याच्या केसांतून हात फिरवायचा, एवढंच उरलं.
नव्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी हे ऐकलं आणि पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, "दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं स्वमग्नता येत नाही, आणि त्यानं बोलणं मागंही पडत नाही. ज्या भाषेत जीव लावता त्याच भाषेत बोला."
घरी आल्यावर अत्तम्मांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदर डोळ्यांना लावला. मग चिन्नूपुढे बसून त्यांनी पाण्याच्या चित्राचं कार्ड धरलं. "नीळ्ळू?" त्यानं कार्डावर बोट ठेवलं. दीड वर्ष फुकट घालवलं आम्ही, एका ठाम चुकीच्या सल्ल्यापायी. ते मला अजून गिळता येत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
बाईंकडून शिफारस नव्यानं लिहून घेतली. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, ती आधी पाहिली. कागदावर आता असं आहे: स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं. ऑक्युपेशनल थेरपी एकदा. तीन महिन्यांत 'पाणी', 'शू' आणि 'नको' या तीन गोष्टी कार्ड दाखवून मागता याव्यात. वर्गात दाराजवळची, घंटेपासून लांबची जागा. तीच कार्डं शाळेतही. दोन दिवस शेवटचे तास सोडून जायची मुभा.
त्याच शब्दांत मुख्याध्यापकांना अर्ज केला, प्रत महापालिकेच्या शिक्षण मंडळाला. दोन्हीकडे पोच घेतली, आवक क्रमांकासह. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्याचा फॉर्मही भरला. वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते.

६ जानेवारी २०२५, सोमवार
शाळेचं लेखी उत्तर आलं. जागा, कार्डं, सुट्टी, तिन्ही मान्य. समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षिका वर्गशिक्षिकेला कार्डं कशी वापरायची ते दाखवून जाणार. गेल्या वर्षी मी याच शाळेत तीनदा नुसतं 'लक्ष द्या' म्हणून आले होते. 'लक्ष द्या' ला कोण काय उत्तर देणार?

१४ जानेवारी, मंगळवार
ग्रामदैवताच्या यात्रेचे दिवस. दरवर्षी गर्दी आणि आवाजापायी चिन्नू घाबराघुबरा व्हायचा, म्हणून यंदा आम्ही सकाळी लवकर, नंदीध्वजांची मिरवणूक निघण्याआधीच, ती जिथून निघते त्या हिरेहब्बू वाड्यापाशी जाऊन आलो. ह्यांच्या खांद्यावर बसून त्यानं नंदीध्वजांच्या सजवलेल्या काठ्या पाहिल्या. दोन्ही कानांवर हात होते, पण रडला नाही.
दुपारी अत्तम्मा कडक भाकरी चुरत होत्या. तो उठला, फळीवरून कार्ड काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. अत्तम्मा थांबल्या. तो म्हणाला, "नी."
त्यांनी तांब्या भरून दिला.
फेरतपासणी ९ एप्रिलला आहे. तारीख कागदावर लिहून घेतली आहे.