जवारी लागते तेव्हा

मिरजेत तंबोरे करणाऱ्या आम्हा लोकांना कुणी कलाकार म्हणत नाही. कलाकार म्हणजे गाणारे, आम्ही कारागीर. त्या नावाचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्यामागच्या समजुतीचं, की कलावंताला सुचतं आणि कारागीर ठरलेलं काम सवयीनं उरकतो.

आमचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. घेर, सालीची जाडी, वाळण, काहीच दोन भोपळ्यांत सारखं नसतं. त्यावर तबली आणि दांडी बसवताना दरवेळी नव्यानं विचार करावा लागतो. इथे साचा चालत नाही.

खरी परीक्षा जवारीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवण्याची. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार द्यायचा असतो. तार चढवायची, ऐकायची, सैल करून बाजूला घ्यायची, कानशीचा हलका हात फिरवायचा, पुन्हा चढवायची. हात जास्त पडला तर आवाज फाटतो, कमी पडला तर बद्द राहतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा. एका जागी तार एकदम उघडते आणि खर्जातून गंधार बोलू लागतो. ती जागा पट्टीनं मोजून सापडत नाही. शिवाय गाणाऱ्या बाईंची पट्टी काळी चार आणि बुवांची काळी एक, यांची जवारी वेगळी. कुणाला आवाज खुला हवा, कुणाला गोल. हे ठरवणं म्हणजे सुचणंच की!

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या शिकलगारांनी हत्यारं घडवणारे हात वाद्यांकडे वळवले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते थोर गवई होतेच, वाद्यं दुरुस्त करण्यातही वाकबगार होते. त्यांच्यातला कलाकार कुठे संपला आणि कारागीर कुठे सुरू झाला, हे कोण सांगणार?

फरक आहे, पण तो उच्च-नीचतेचा नाही. चित्र पुरं झालं हे चित्रकार ठरवतो. माझा तंबोरा पुरा झाला हे मी एकटा ठरवू शकत नाही; मैफलभर तो गायकाच्या मागे सुरात उभा राहावा लागतो. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात ठेवायला तंबोरा हवा होता. नक्षी भरपूर करा, जवारी नको, वाजवणार कोण, असं म्हणाले. मी नक्षी केली आणि पैसे न घेता जवारीही लावून दिली. मुकं वाद्य दुकानातून बाहेर जाऊ देणं मला जमणार नव्हतं.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आहे. पण लोक अजून भोपळ्याचा, लाकडाचा, पॉलिशचा हिशेब विचारतात आणि जवारीचे पैसे ‘एवढ्याशा घासण्याचे’ म्हणून कमी करायला सांगतात. चित्राची किंमत करताना कॅनव्हास आणि रंगाचा भाव कुणी काढत नाही. आमच्याही कामात कानाचं मोल धरा. तो तयार व्हायला अर्धं आयुष्य जातं, आणि ते मोल मिळालं तरच पुढची पोरं कानस हातात घेतील.