ओल शोधताना

जूनमध्ये चिपळुणात पाऊस एकदा धरला, की गॅरेजवरच्या तक्रारी पालटतात. मे महिनाभर लोक सांगत असतात, "एसी थंड करत नाही." पावसाचे पंधरा दिवस गेले, की तेच लोक म्हणतात, "थंड छान करतो हो, पण वास येतो." गाडी दहा-पंधरा वर्षांची असली तर ही तक्रार हमखास, आणि डॅशबोर्डवर लिंबाच्या नाहीतर चंदनाच्या वासाची बाटलीही हमखास. मी आधी ती बाटली बाहेर काढतो, चारही दारं उघडतो आणि गाडी थोडा वेळ तशीच सोडतो. मूळ वास कसा आहे हे समजल्याशिवाय या कामात हात घालण्यात अर्थ नसतो.

एसीच्या कामाला गेज लागतात, व्हॅक्यूम पंप लागतो, लीक शोधायचं यंत्र लागतं. वासाच्या कामाला पहिलं लागतं ते नाक, आणि दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारायची सवय. एसी सुरू केल्या केल्या भपकारा येऊन मग वास ओसरत असेल, तर संशय कुलिंग कॉइलवर. मधेच कॉम्प्रेसर कट झाला की वास वाढतो, पुन्हा लागला की दबतो, तरीही कॉइलच. एसी बंद असताना, काचा लावून गाडी उभी असतानाही वास भरून राहत असेल, तर पायाखालचं कार्पेट उचलायचं. बाहेरची हवा आत घेतल्यावरच वास येत असेल, तर वायपरखालच्या जाळीत कुजलेली पानं किंवा मेलेला उंदीर. गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं, हे बुरशीचं लक्षण नाही. हीटरच्या कोअरमधून कुलंट गळतो आहे, त्याचं काम निराळं.

कुबट वासाचं मूळ कळायला कॉइलवर काय घडतं ते पाहावं लागतं. ही कॉइल डॅशबोर्डच्या पोटात, एका प्लॅस्टिकच्या बंद पेटीत बसलेली असते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची, दाट, एकेका मिलिमीटरच्या फटींची. एसी चालू असताना ती २ ते ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. शून्याखाली जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर तिच्यावर बर्फ धरतो आणि हवा अडते. कोकणातल्या जुलैच्या हवेत बाष्प एवढं, की तासाभरात लिटरभर पाणी या कॉइलवरून सहज ठिबकतं. ते खालच्या तबकात जमतं आणि रबरी नळीतून गाडीखाली पडतं. उभ्या गाडीखाली पाणी पाहून काळजीने फोन करणारे पुष्कळ असतात. मी त्यांना सांगतो, ते पाणी पडतंय हे उत्तम आहे. भर पावसाळ्यात एसी लावूनही खाली थेंब पडत नसेल, तेव्हा मात्र लगेच या.

एसी बंद केला की कॉइल तशीच ओली राहते. आत अंधार, ओल आणि हवेबरोबर आलेली धूळ, केस, परागकण. बुरशी आणि जिवाणू त्यावर बुळबुळीत थर धरतात. नव्या कॉइलच्या पत्र्यांवर बहुधा असा लेप असतो की पाणी थेंब धरून न बसता पसरून खाली वाहून जातं. वर्षानुवर्षांच्या वापराने आणि जहाल औषधांनी तो लेप झिजतो, थेंब फटीत अडकून राहतात. म्हणून जुन्या गाडीची कॉइल नव्या गाडीपेक्षा उशिरा वाळते. ओलसर जागी वाढणाऱ्या काही जिवाणूंपासून जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं. पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासातही तेच असतं. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी ते ओळखू येतं. अर्धवट साफसफाई या कामात का चालत नाही, ते यावरून लक्षात यावं. कॉइलचा एक कोपरा जरी मळलेला राहिला, तरी नाकाला तो पुरतो.

एका निवृत्त शिक्षकांची गाडी मला चांगली आठवते. २००८ची छोटी हॅचबॅक, रोज गुलमोहराखाली उभी. आदल्या महिन्यात एका ठिकाणी त्यांनी गॅस भरून घेतला होता आणि जाळ्यांतून सुवासिक फवारा मारून घेतला होता.

"अरे, आत बसलं की ओलं फडकं नाकाशी धरल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

"सुरू केल्यावरच वाटतं गुरुजी, की सगळा वेळ?"

"सुरू केल्यावर जास्त. पण नंतरही असतोच."

"काकू कुठे बसतात?"

"माझ्या शेजारी. हल्ली तिचे पाय गारठतात म्हणते."

डावीकडच्या दाराची पट्टी काढून मी कार्पेट उचललं आणि खालच्या फेल्टवर अंगठा दाबला. अंगठ्याभोवती पाणी वर आलं. राखाडी फेल्टवर काळे डाग पडले होते, पत्र्याला गंज धरू लागला होता. गाडी वर घेऊन ड्रेनची नळी पाहिली, तर तोंडाशी लाल मातीचा टणक गोळा. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. असा बोळा काढताना खालून हवेचा जोरदार झोत मारू नये. नळी आतून निसटते किंवा घाण उलट पेटीत जाते. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी मी यासाठी वापरतो. ती लवचीक असते, रबर फाडत नाही. दोरी हळूहळू फिरवत वर सरकवली आणि बोळा सुटल्याबरोबर काळं पाणी धारेने खाली आलं, त्यात गुलमोहराच्या इवल्या पाकळ्या-पानांचा लगदा. गुलमोहर आणि चिंच ही झाडं सावलीला सुंदर, पण त्यांची पानं इतकी बारीक, की वायपरखालच्या जाळीतून सरळ आत उतरतात. त्या काळच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत एसी फिल्टर येतच नसे, त्यामुळे पानांना कॉइलपर्यंत वाट मोकळी असायची.

गुरुजींचं काम तेवढ्यावर संपलं नाही. ग्लोव्ह बॉक्सखालचा ब्लोअर उतरवून त्या भोकातून छोटा कॅमेरा आत घातला. कॉइलचे पत्रे दिसायला हवे होते, तिथे एकसलग करडा थर दिसला. डॅशबोर्ड खोलणं भाग होतं. हे काम मी सरसकट सुचवत नाही. जुन्या गाडीचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, एखादी क्लिप तुटली की पुढे खडखड सुरू होते. शिवाय एसीचे पाइप उघडायचे म्हणजे आधी गॅस यंत्रात काढून घ्यायचा. हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए हा गॅस तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक घातक आहे. मग ओ-रिंग नव्या, ड्रायर नवा, कॉम्प्रेसर ऑइलचा हिशेब, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा गॅस. पण कॉइल अशी गच्च भरली असेल, तर फोमचा डबा कितीही चांगला असला तरी तो वरचा थर भिजवतो आणि आतला तसाच राहतो. अशा वेळी कॉइल हातात घेऊनच धुवावी लागते.

धुण्याचीही रीत आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि ब्रश फक्त पत्र्यांच्या दिशेने. आडवा ब्रश फिरवला की पत्रे मुडपतात. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर कॉइलजवळ आणायचाच नाही. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, ब्लीचने त्याला भोकं पडू शकतात, आणि फिनेल मारलं की महिनाभर फिनेलचाच वास श्वासात जातो. ओझोनच्या मशीनबद्दलही लोक विचारतात. ओझोन वास तात्पुरता मोडतो, पण ओल जागच्या जागी ठेवतो. शिवाय तो फुप्फुसांना घातक आणि रबराचा शत्रू. मी ते मशीन घेतलेलं नाही, घेणारही नाही.

कॉइलइतकंच लक्ष मी पेटीकडे देतो. हवा इकडेतिकडे वळवणाऱ्या झडपांवर फोम चिकटवलेला असतो. जुन्या गाडीत तो कुजतो; जाळीतून काळे कण सीटवर पडू लागले की समजावं. हा फोम पाणी शोषून धरतो, आणि कॉइल लख्ख केली तरी वास मागे ठेवतो. तो खरवडून काढायचा आणि पाणी न पिणारी पट्टी लावायची. खूप वेळ खाणारं काम आहे, बिलात त्याची ओळ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचा जीव त्यात आहे. गुरुजींच्या गाडीचं फेल्ट मात्र वाचवण्यासारखं नव्हतं. ते कापून टाकलं, पत्रा घासून गंजरोधक मारला आणि नवं फेल्ट घातलं.

आमच्या गावात फेल्टचा विषय निघाला की २२ जुलै २०२१चा पूर आठवतोच. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, किती गाड्या पाण्याखाली गेल्या. इंजिनं सुरू झाली, सीट उन्हात वाळल्या, पण पेटीत आणि फेल्टमध्ये बसलेला गाळ सहजी निघत नाही. उन्हाळ्यात काही जाणवत नाही, पाऊस लागला की हवेतली ओल पिऊन तो पुन्हा वास सोडतो. जुनी गाडी घेताना म्हणूनच कार्पेटचा कोपरा उचलून हुंगा आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. गुंडाळलेल्या भागात गाळाचा डाग सापडला, तर गाडी पाण्यात होती.

घरी करता येईल असं सगळ्यात मोठं काम अगदी साधं आहे. मुक्कामाला पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पंखा मोठा ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. कॉइल वाळायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा आठवड्यातून एकदा हीटर लावा. कोकणात हीटरला कुणी हात लावत नाही, पण या कामाला तो फार उपयोगी. यात एक गोष्ट सांभाळायची. हवा आधी कॉइलवरून जाते आणि मग हीटरवरून, म्हणून बाहेरची हवा घेतली तर कॉइलला गरम वारा लागतच नाही. रीसर्क्युलेशनवर ठेवून आतलीच गरम हवा फिरवायची आणि एक काच बोटभर खाली ठेवायची, म्हणजे बाष्प बाहेर पडेल. फिल्टर असलेल्या गाडीत तो पावसाळा संपल्यावर बदला. ओली छत्री, रेनकोट, बाजारातली मासळी रात्रभर गाडीत ठेवू नका.

आणि वासाची तक्रार घेऊन गॅरेजला जाल तेव्हा सकाळी, रात्रभर बंद असलेली गाडी घेऊन जा. येताना परफ्यूम मारू नका. वास कधी येतो, कुठे बसल्यावर जास्त येतो, गाडीखाली पाणी पडतं की नाही, एवढं आधी पाहून ठेवा आणि मेकॅनिकला सांगा. तो ऐकून न घेता थेट गॅस भरायला निघाला, तर गाडी दुसरीकडे न्या.