सारथ्यावर सारथी

आमच्या लहानपणीं बोर्डीहून घोलवड स्टेशनाकडे जाणाऱ्या बैलगाड्या पहाटे आमच्या दारावरून जात. गाडीवान पुष्कळदां कांबळें पांघरून गाडींतच झोपलेला असे. बैल मात्र वळणावर बरोबर वळत, समोरून दुसरी गाडी आली म्हणजे आपली बाजू धरीत, आणि स्टेशनाच्या आवारांत आपण होऊन उभे राहत. कठोपनिषदांत शरीरास रथ, बुद्धीस सारथि, मनास लगाम आणि इंद्रियांस घोडे म्हटलें आहे. हे घोडे अनावर होतात असा तेथील इशारा. परंतु आमच्या डहाणू तालुक्यांतील बैल उपनिषत्कारांच्या पाहण्यांत आले असते तर त्यांनीं इंद्रियांविषयीं थोडें सौम्य मत दिलें असतें, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

पुढें मोटार आली आणि हें साहाय्य संपलें. एंजिनास बळ होतें, दृष्टि नव्हती. मोटारींत पाहणारा एकच, तो म्हणजे चालक. त्याचा डोळा लागला कीं सर्वांचाच लागावयाचा. आतां शास्त्रज्ञांनीं गाडीस पुनः डोळे दिले आहेत. पुढच्या काचेच्या आंत, आरशामागें, एक कॅमेरा असतो. तो माणूस, मोटार, सायकल आणि रस्त्यावरील पांढरे पट्टे ह्यांच्या आकृति ओळखतो. पुढच्या जाळीआड रडार असतें. तें लहरी सोडतें, आणि त्या आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून वस्तूचें अंतर, व लहरींच्या कंपनसंख्येंत पडलेल्या फरकावरून तिचा वेग काढतें. दोहोंचा मेळ घालून आंतील संगणक टक्कर होणार कीं नाहीं हें ठरवितो. होणार असें दिसल्यास प्रथम घंटा वाजवितो. चालकानें न ऐकल्यास स्वतः ब्रेक लावतो. गाडी पट्ट्याबाहेर सरकूं लागली तर चाक हळूच आंत वळवितो. पुढील गाडीमागें ठराविक अंतर राखून वेग कमीजास्त करणें हेंहि त्याचेंच काम. ह्या सर्व लवाजम्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अडास’ म्हणतात. २०२१ सालीं महिंद्रांच्या एका गाडींत तो आला, आणि आतां मध्यम किंमतीच्या गाड्यांतहि मिळूं लागला आहे.

गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांनीं अशी एक गाडी घेतली. कंपनीचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दिवाळीस ते आम्हां उभयतांस त्या गाडींतून मुंबईहून बोर्डीस आणीत असतां, मनोरच्या अलीकडे एक दुचाकीस्वार डावीकडून आला आणि आमच्यापुढून तिरपा निघून गेला. असा मनुष्य पुढच्या क्षणीं पलीकडे गेलेला असणार, हें आपल्याकडील शाळकरी पोरासहि कळतें. चालक अशा वेळीं पाय नुसता उचलतो. यंत्रानें मात्र सगळें बळ लावून ब्रेक दाबला. मागून येणारा टेंपो कसाबसा हातभर अंतरावर उभा राहिला. नातू त्याच्या आसनास बांधलेला होता, त्यास कांहीं झालें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं पट्टा लावला नव्हता. त्यांचें कपाळ पुढच्या आसनावर आपटून टेंगूळ आलें. चिरंजीवांनीं गाडी कडेला घेऊन पडद्यावर बोट ठेवलें आणि ती योजना बंद करून टाकली. पुढली टक्कर चुकवितांना मागली ओढवून घेणारें हें कसलें रक्षण, असा त्यांचा प्रश्न. आणि तो रास्त आहे.

वेदान्ताच्या अभ्यासकांस रज्जुसर्पाचा दृष्टान्त पाठ असतो. अंधुक उजेडांत दोरी पाहून मनुष्य साप म्हणून ओरडतो. यंत्राचीहि हीच अडचण आहे, फक्त तिला दोन तोंडें आहेत. दोरीस साप समजलें तर गाडी मोकळ्या रस्त्यावर कचकन् थांबते. सापास दोरी समजलें तर थांबावयाचें तेथें थांबत नाहीं. महामार्गाच्या कडेचे फलक, वरचे पूल, लोखंडी कठडे ह्या सर्वांवरून रडारच्या लहरी परत येतात. प्रत्येकास अडथळा मानलें तर गाडी पुढें सरकणार नाहीं; म्हणून वेगांत असतां स्थिर वस्तूंकडे पुष्कळसें दुर्लक्ष करण्यास रडारला शिकविलेलें असतें. मग दिवे न लावतां रस्त्यांत बंद पडलेला मालट्रकहि कधींकधीं त्या दुर्लक्षांत जातो. संशय वाढवावा तर एक दोष वाढतो, कमी करावा तर दुसरा.

हें केवळ आपल्याकडेंच घडतें असें नव्हे. अमेरिकेंत फ्लॉरिडा संस्थानांत मे २०१६ मध्यें एका टेस्ला गाडीपुढें मालवाहू ट्रेलर आडवा आला. त्याची पांढरी बाजू लख्ख आकाशापुढें चालक किंवा यंत्र कोणासच वेळीं ओळखूं आली नाहीं, ब्रेक लागला नाहीं, आणि चालक प्राणास मुकला. उलटपक्षीं, कारण नसतां ब्रेक लागतो अशा ३५४ तक्रारी त्याच कंपनीच्या गाड्यांविषयीं आल्यावरून तेथील सरकारी खात्यानें फेब्रुवारी २०२२ मध्यें चौकशी आरंभिली. एक दोरीचा साप, दुसरी सापाची दोरी. तथापि तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें पाहणी केली, तेव्हां स्वयंचलित ब्रेक असलेल्या गाड्यांकडून पुढच्या गाडीस मागून धडकण्याचे प्रकार सुमारें निम्म्यानें घटल्याचें आढळलें. हा लाभ लहान नव्हे, आणि चिरंजीवांच्या बोटास तो ठाऊक असावा अशी आमची इच्छा आहे.

आमच्या भागांत ह्या यंत्राची जी त्रेधा उडते ती पाहण्यासारखी असते. डहाणू-बोर्डी रस्ता समुद्राच्या कडेनें, सुरूच्या बनांजवळून आणि चिकूच्या वाड्यांमधून येतो. पांढरे पट्टे कोठें आहेत, कोठें वाळूखालीं गेले आहेत, कोठें कधीं काढलेच नव्हते. मावळतीस झाडांच्या लांब सावल्या रस्त्यावर आडव्या पडतात. कोणी गवताचा भारा डोक्यावर घेऊन चाललेली बाई ही बाई आहे कीं चालता गवताचा ढीग, हें कॅमेऱ्यास काय ठरवितां येत असेल तें तोच जाणे. खड्डा चुकविण्यास चालक गाडी उजवीकडे घेतो, तर चाक त्याच्या हातांत प्रतिकार करतें. त्यास वाटतें कीं हा मनुष्य झोपला. महामार्गावर निराळीच गंमत. गाडी पुढच्या वाहनापासून शिष्टाचारानें अंतर राखते. त्या अंतरांत लगेच एक रिक्षा शिरते. गाडी पुनः मागें राहते. पुनः दुसरा कोणी शिरतो. ह्या रीतीनें सौजन्य करीत गेल्यास तलासरीहून निघालेला मनुष्य विरारला पोहोंचणार कधीं? बैल ह्याच रस्त्यावर लहानाचे मोठे झालेले असत. ह्या यंत्राचें बाळपण दुसऱ्या मुलखांत, आंखीव रस्त्यांवर गेलें. येथें आणून त्यास थोडेंफार शिकविलें जातें, पण मूळचें वळण जात नाहीं.

घरांत ह्यावरून दोन पक्ष पडले आहेत. सूनबाईहि गाडी चालवितात. त्या म्हणतात, ठाण्याच्या गर्दींत पुढचा ट्रक एकाएकीं थांबला तेव्हां त्यांचा पाय पोहोंचण्यापूर्वीं गाडीनें ब्रेक लावला. मुलगा शेजारीं रडत असतां आईची दृष्टि क्षणभर ढळणारच, आणि त्या एका क्षणासाठींच हें यंत्र आहे. चिरंजीव म्हणतात, ज्याच्यावर केव्हां विसंबावें हें कळत नाहीं असा सोबती नसलेला बरा. गाडी सुरू केली कीं योजना आपोआप चालू होते. ते दर वेळीं ती बंद करतात, सूनबाई करीत नाहींत.

निवाडा आमच्याकडे आला. आम्हीं मुख्यतः एक भेद केला. जें साहाय्य सारथ्यास जागें करतें तें निराळें, आणि जें त्यास निजूं देतें तें निराळें. लिझॅन बेनब्रिज ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञ विदुषीनें १९८३ सालींच लिहून ठेविलें आहे कीं, सोपें काम यंत्राकडे गेलें म्हणजे मनुष्याकडे नुसतें पाहत बसण्याचें काम उरतें, आणि तेंच त्यास नीट साधत नाहीं; शिवाय कठीण प्रसंगीं अचानक सूत्रें हातीं घ्यावयाची तीं संवय गेलेल्या हातांनीं. चाळीस वर्षें परीक्षेच्या खोल्यांत पहारा केल्यामुळें ह्या विधानास आम्ही स्वानुभवाची पुस्ती जोडूं शकतों. गाडीवान निजे तेव्हां गाडी माणसाच्या चालीनें चालत असे. ताशीं १०० किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. म्हणून वेग आपोआप राखणारी आणि चाक वळविणारी योजना ह्या भागांत वापरूं नये. घंटा व ब्रेक चालू ठेवावे, मात्र इशाऱ्याची वेळ पडद्यावर जितकी उशिराची ठेवतां येईल तितकी ठेवावी.

ह्यानंतर आम्हीं चारोटीची गोष्ट काढली, आणि ती चालकांसाठीं नव्हती. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईस परतत होते. उदवाडा आम्हांपासून दूर नाहीं, आणि घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतून पारशी-इराणी शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा; ती वार्ता येथें घरच्यासारखी आली. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलापाशीं तीन पदरी रस्ता दोन पदरी होत असे. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. बनविणाऱ्या कंपनीच्या प्राथमिक अहवालाप्रमाणें वेग आधीं ताशीं १०० किलोमीटर होता, ब्रेक लावल्यावर टकरीच्या वेळीं ८९ होता. पुढें बसलेले दोघे जखमी होऊन वांचले. मागें बसलेले मिस्त्री व जहांगीर पंडोल ह्या दोघांनीं पट्टे बांधले नव्हते, दोघेहि गेले. गाडी थांबते, देह थांबत नाहीं. न्यूटनचा पहिला नियम आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल! मागच्यांनींहि पट्टा बांधावा असा नियम केंद्रीय मोटार नियमांत पूर्वींपासूनच होता. लोकांची तऱ्हा पाहा: पट्ट्याची घंटा वाजूं नये म्हणून नुसता अंकडा खोवून ठेवण्याची युक्ति बाजारांत विकली जात असे, आणि २०२३ च्या मे महिन्यांत ग्राहक-संरक्षण प्राधिकरणानें पांच कंपन्यांस ती विकण्यास मनाई केली, तेव्हां अशा १३,११८ जाहिराती काढून टाकाव्या लागल्या.

सौभाग्यवतींची तक्रार अशी कीं पट्टा गळ्यास काचतो आणि पदर चुरगळतो. सूनबाईंनीं पट्ट्याच्या वरच्या टोकाची उंची खालीं सरकवून दिली आणि खांद्यापाशीं मऊ कापडाची पट्टी शिवली. आतां त्या कपाळावरील टेंगळाची आठवण कोणी न काढतांहि पट्टा बांधतात.

ब्रेकाविषयीं मात्र चिरंजीवांनीं आमचा निवाडा मानलेला नाहीं. त्यांनीं आदरानेंच उत्तर दिलें: “अण्णा, तुम्हीं कधीं गाडी चालविली नाहीं. मागचा टेंपो आरशांत वाढत येतो तेव्हां काय वाटतें तें तुम्हांस कसें कळणार?” ह्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. गाडी त्यांच्या हातीं असते तेव्हां तो ब्रेक बंद असतो, सूनबाईंच्या हातीं असते तेव्हां चालू. आणि येत्या रविवारीं नातवास घेऊन डहाणूस जावयाचें आहे, तर कोणीं चालवावें ह्याचा विचार घरांत आजपासूनच चालला आहे.