पराभवाच्या रकान्यातलं शून्य

मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, या खेळानं अजून पस्तिशीही गाठलेली नाही. १२ नोव्हेंबर १९९३ च्या रात्री अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनी गटसुद्धा नव्हते. पांढऱ्या पोशाखातल्या रॉयस ग्रेसी या किडकिडीत ब्राझिलियन तरुणानं त्या एका रात्रीत तिघांना शरण आणलं. इतक्या कोवळ्या वयाच्या खेळात ‘सर्वकाळचा श्रेष्ठ कोण’ हा वाद घालणं घाईचं वाटेल. मला मात्र तो वाद प्रिय आहे. माणसं त्यात विजेत्यांची नावं घेतात आणि नकळत स्वतःला माणसातलं काय मोठं वाटतं ते सांगून जातात.

लास वेगासमधली शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडची रविवारची सकाळ. बाहेर दूधवाल्याची, पेपरवाल्याची ये-जा चालू असते, आणि पडद्यावरच्या अष्टकोनी पिंजऱ्यात दोन माणसं एकमेकांची ताकद, दम आणि भीती जोखत असतात. माझा भाचा अशा सकाळी हमखास माझ्याकडे येतो. तो खबीब नुर्मागोमेडोवचा. “मामा, एकोणतीस विजय, शून्य पराभव. यापुढे बोलायचं काय?” असं म्हणून तो वाद सुरू व्हायच्या आत संपवू पाहतो.

खबीबचं मोठेपण मलाही दिसतं. दागिस्तानच्या डोंगरातल्या सिल्दी गावात तो जन्मला आणि वडील अब्दुलमनाप यांच्या हाताखाली घडला. त्याचा खेळ कुस्ती पाहत वाढलेल्या डोळ्यांना लगेच ओळखीचा वाटतो. तो पट काढतो, समोरच्याला जाळीपर्यंत रेटतो, त्याचे पाय आपल्या पायांत अडकवतो, एक मनगट मुठीत धरून ठेवतो आणि मग घाई करत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरची जिद्द हळूहळू ओसरताना आपल्याला दिसते. २०२० च्या जुलैत वडील गेले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला अबूधाबीत जस्टिन गेजीचा गळा आवळून त्यानं लढत जिंकली, तिथंच गुडघ्यांवर कोसळून तो रडला आणि हातमोजे उतरवून ठेवले. वडिलांशिवाय पुढे लढणार नाही, असा शब्द त्यानं आईला दिला होता, आणि तो पाळला. शब्द पाळण्यासाठी शिखरावरून उतरणारा माणूस वंदनीयच.

तरीही त्या शून्यापाशी माझं मन अडतं. लाइटवेट गटाचा किताब खबीबनं तीनदा राखला. टोनी फर्ग्युसनशी त्याची लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा या ना त्या कारणानं मोडली. हा दोष कुणाचाच नाही. पण शून्य आपल्याला इतकंच सांगतं की हा माणूस कधी पडला नाही. पडला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काय केलं असतं, हे ते सांगू शकत नाही. आणि लढवय्याबद्दल मला सर्वांत आधी तेच जाणून घ्यायचं असतं.

फेडोर एमेलियानेन्कोचे चाहतेही एकेकाळी असेच एका जवळजवळ शून्यावर विसंबून होते. २००० च्या डिसेंबरात, नियमात न बसणाऱ्या कोपरामुळे झालेल्या जखमेपायी एक लढत त्याच्या हातून गेली होती. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तो हरला नाही. जपानमधल्या ‘प्राइड’च्या रिंगणात २००३ साली त्यानं अंतोनियो रोड्रिगो नोगेराकडून किताब घेतला, ती लढत आजही अभ्यासावी अशी आहे. पाठीवर पडलेला नोगेरा हीच सर्वांत धोक्याची जागा, हे जगाला माहीत होतं. फेडोर त्याच जागेत, त्याच्या पायांच्या विळख्यात शिरला आणि तिथूनच ठोसे मारत राहिला. चेहऱ्यावर राग नाही, आनंदही नाही. पुढे २६ जून २०१० रोजी सॅन होजेमध्ये फॅब्रिसिओ वेर्डूमनं त्याला अवघ्या ६९ सेकंदांत तशाच विळख्यात पकडलं, आणि त्यामागोमाग आणखी दोन पराभव आले. म्हणून आधीची दहा वर्षं खोटी ठरत नाहीत. त्या दशकातला सर्वश्रेष्ठ तोच. यूएफसीत तो कधी लढला नाही, हा आक्षेप मला पोकळ वाटतो. त्या काळात हेवीवेटमधली सर्वांत कसलेली मंडळी जपानमध्येच होती.

डिमेट्रियस जॉन्सनवर मात्र आपण सगळ्या चाहत्यांनी अन्याय केला आहे. उंची पाच फूट तीन इंच, वजनाचा गट १२५ पौंडांचा. किताब त्यानं सलग अकरा वेळा राखला, आणि तरी तो लहान चणीचा म्हणून लोक त्याच्या लढतींना उठून जात. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यानं रे बोर्गला उचलून मागे फेकलं आणि तो अजून जमिनीवर टेकतो न टेकतो तोच त्याचा हात आर्मबारमध्ये पकडला. अशी चपळ, स्वच्छ कारागिरी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. श्रेष्ठत्व किलोवर तोलायचं नसेल, तर जॉन्सनचं नाव पहिल्या तिघांत घ्यायलाच हवं.

जॉन जोन्सचं नाव घेताना मला दुःख होतं. मार्च २०११ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो यूएफसीचा सर्वांत तरुण विजेता झाला. त्याच्या नावावरचा एकमेव पराभव नियमबाह्य कोपर मारल्यामुळे दिला गेला, आणि तो नियमही २०२४ मध्ये रद्द झाला. पुढे हेवीवेटचा किताबही त्यानं मिळवला. अंगभूत प्रतिभेचा निकष लावला तर त्याच्या जवळपास कुणी नाही. पण २०१७ साली डॅनिएल कॉर्मिएवर मिळवलेला विजय बंदी असलेल्या द्रव्याच्या चाचणीनंतर रद्द झाला, आणि ती नोंद पुसता येत नाही. या खेळात समोरच्याच्या डोक्यावर प्रहार होतात. इथं निर्मळ शरीरानं उतरणं ही प्रतिस्पर्ध्याच्या जिवाची राखलेली बूज आहे. म्हणून मी त्याला सर्वांत वर ठेवत नाही.

मी ज्याला वर ठेवतो तो जॉर्ज सेंट-पिएर, कॅनडातल्या क्यूबेकचा. लहानपणी शाळेत त्याला दांडगट मुलांचा त्रास झाला, म्हणून तो कराटेकडे वळला. २००४ मध्ये मॅट ह्यूजशी किताबाची लढत झाली तेव्हा त्याला आपल्या त्या आदर्शाच्या डोळ्यांत बघवेना. पहिल्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना तो शरण गेला. दोन वर्षांनी त्यानं ह्यूजलाच हरवून किताब मिळवला, आणि ७ एप्रिल २००७ रोजी ह्यूस्टनमध्ये मॅट सेरानं तो पहिल्याच फेरीत हिसकावून घेतला. सेरा जिंकेल असं फारसं कुणी धरलं नव्हतं. त्या पराभवाचं ओझं इतकं झालं, की सेंट-पिएरनं एका विटेवर सेराचं नाव लिहिलं, ती वीट जवळ बाळगली आणि अखेर नदीत फेकून दिली. एप्रिल २००८ मध्ये मॉन्ट्रियलला, आपल्या माणसांसमोर, त्यानं सेराला दुसऱ्या फेरीत थांबवलं. त्यानंतर २०१३ अखेर स्वतःहून किताब सोडेपर्यंत तो पुन्हा हरला नाही. किताब त्यानं सलग नऊ वेळा राखला. मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तोही भरून काढून तो परतला.

भाचा इथं अचूक बोट ठेवतो. “त्या नऊपैकी आठ लढती गुणांवर सुटल्या, मामा. निकाली कुठं होत्या?” आक्षेप रास्त आहे. पण पंचवीस मिनिटं समोरच्याला त्याचा खेळ खेळू न देणं, हे एका ठोशाइतकंच अवघड असतं. शाळा-कॉलेजात कधी कुस्ती न खेळलेल्या या माणसानं कॅनडाच्या राष्ट्रीय मल्लांबरोबर घाम गाळून पट काढणं शिकून घेतलं आणि जन्मभर कुस्ती खेळलेल्यांना खाली आणलं. चार वर्षांच्या खंडानंतर, २०१७ च्या नोव्हेंबरात, वरच्या वजनी गटात उतरून त्यानं मायकेल बिस्पिंगचा गळा आवळला आणि दुसरा किताब घेतला. कारकीर्द संपली तेव्हा त्याचे विजय २६ होते, पराभव दोन, आणि ज्या दोघांनी हरवलं त्या दोघांनाही त्यानं पुन्हा गाठून हरवलं होतं.

स्त्रियांमध्ये हीच कसोटी अमांडा नुनेसला लावून पाहा. दोन वजनी गटांचे किताब एकाच वेळी तिच्याकडे होते. डिसेंबर २०२१ मध्ये ज्युलियाना पेन्यानं तिला अनपेक्षितपणे शरण आणलं. पुढच्या जुलैत नुनेसनं तिला पाच फेऱ्या पुरती जखडून किताब परत घेतला, आणि २०२३ च्या जूनमध्ये आणखी एकदा तो राखून निवृत्ती जाहीर केली.

पराभवाच्या रकान्यातलं शून्य सुंदर दिसतं, आणि त्यावर प्रेम करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण हरलेल्या माणसाला रात्री झोप येत नाही, लोक त्याच्याबद्दल भूतकाळात बोलू लागतात, आणि तरी तो पुन्हा त्याच माणसासमोर जाऊन उभा राहतो. हे धैर्य कुठल्याही नाबाद आकड्यात मावत नाही. म्हणून पुरुषांत माझ्या लेखी पहिला सेंट-पिएर, त्याच्या खांद्याला खांदा लावून जॉन्सन, मग फेडोर आणि खबीब, स्त्रियांत नुनेस. तुमची यादी वेगळी असेल, असू द्या. एवढंच करा: नावं लिहिण्याआधी प्रत्येकाची हरल्यानंतरची पहिली लढत शोधून काढा आणि ती पूर्ण पाहा.