आधी समुद्र, मग खोली

गिरगावात राहणाऱ्या माणसाने पैसे मोजून समुद्र पाहायला जावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी थोडी विनोदीच वाटते. चर्नी रोडचा पूल ओलांडला की चौपाटी. दादरकरांच्या शिवाजी पार्काला तर समुद्राचा शेजारच आहे. परळ-लालबागच्या मंडळींना तो जरा लांब पडतो. खुद्द त्यांच्या राजालाही अनंत चतुर्दशीला निघून गिरगाव चौपाटी गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तरीसुद्धा दिवाळीची सुट्टी लागली की या साऱ्या वस्त्यांतल्या बिऱ्हाडांतून एकच घोषणा उठते, "यंदा समुद्रावर जाऊ या!" आणि ती खोटी नसते. चौपाटीचा समुद्र हा पाहण्याचा आणि भेळ खाण्याचा समुद्र आहे. त्यात कोणी शहाणा बाप आपल्या पोराला उतरवीत नाही.

आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. तिला आजोळ होते. भाऊच्या धक्क्यावर वळकटी घेऊन बोटीत बसायचे आणि दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, जिथे ज्याचे गाव तिथे उतरायचे. खर्च काय, तर बोटीचे तिकीट आणि मामाच्या मुलांसाठी नेलेला खाऊ. राहायला ओटी-पडवी, आंघोळीला विहीर, पोहायला समुद्र, आणि त्या समुद्रावर नजर ठेवायला एखादा काका, ज्याला पाण्याचा रंग पाहून आत खड्डा कुठे आहे ते कळे. माहेरी आलेल्या लेकीला चार दिवस चुलीपुढून सुट्टी मिळे, ती वेगळीच.

आज कोकण रेल्वेने गाव जवळ आणले आहे, पण घर दूर गेले आहे. कुणाच्या घराला सात हिस्सेदार आहेत आणि किल्ली आठव्याकडे आहे. कुणाची कौले तीन पावसाळ्यांपूर्वी बसली ती अजून शाकारलेली नाहीत. तेव्हा आजीने जे फुकट दिले, ते आता आम्ही 'रिसॉर्ट' या नावाखाली विकत घेतो. विकतच घ्यायचे, तर मग आजीकडे नक्की काय मिळत होते याचा विचार आधी करावा, असे आमचे नम्र मत आहे. आजीकडे वातानुकूलित खोली नव्हती. पोहण्याचा निळ्या फरश्यांचा तलाव नव्हता. समुद्र ओळखणारे माणूस होते आणि आईला न रांधता मिळणारे ताट होते. या दोन गोष्टी जिथे मिळतील ते ठिकाण उत्तम. बाकी सारी रंगरंगोटी.

जाहिराती मात्र नेमक्या रंगरंगोटीपासून सुरू होतात. 'सी फेसिंग' म्हणजे गच्चीच्या टोकाला उभे राहून मान वाकडी केली असता दोन माडांच्या मधून जे निळसर दिसते ते. 'बीच टच' म्हणजे समुद्र आणि आवार यांच्यामध्ये फक्त एक रस्ता, एक कुंपण आणि घोडागाड्यांचा अड्डा. 'पाच मिनिटांवर' ही पाच मिनिटे मालकाच्या मोटारसायकलची असतात. तुमच्या कडेवर धाकटे आणि हातात बादली-फावडे असेल तेव्हाची नव्हेत. एवढे समजून घेतले की जाहिराती वाचायला मजा येते.

आमचा क्रम उलटा आहे. आधी समुद्र निवडावा, मग खोली. समुद्र सगळे सारखे नसतात. रायगड जिल्ह्यातलेच पाहा. अलिबागच्या दक्षिणेला काशीद आहे. पांढरी वाळू, निळे पाणी, चित्रात टांगावा असा किनारा. पण उतार जोराचा आहे, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. मोठ्यांनी तिथे बसून डोळे निववावेत. दहा वर्षांच्या आतली मुले बरोबर असतील तर पाण्यात खेळण्याचे ठिकाण म्हणून ते निवडू नये. त्याच्याही पुढे मुरुड. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी त्या किनाऱ्यावर बुडाले. तो दिवस वादळाचा नव्हता, पावसाळ्याचा नव्हता; सहलीला यावे असाच होता. म्हणून सांगतो की खोलीत दूरचित्रवाणी आहे का, हे विचारण्याआधी किनाऱ्यावर जीवरक्षक असतो का आणि गावातली पोरे कुठल्या टप्प्यात पोहतात, हे विचारावे.

याउलट अलिबागपासून थोड्याच अंतरावरचे आक्षी आणि नागाव. किनारा पसरट, सुरूचे बन पाठीशी, ओहोटीला पाणी इतके मागे जाते की मुलांना क्रिकेटचे दोन डाव मांडता येतात. नागावला हल्ली यांत्रिक होड्यांचा आणि वाळूत धावणाऱ्या चारचाकी फटफट्यांचा फार गोंगाट झाला आहे. मोठ्या मुलांना तो आवडतो, आम्हाला नाही. आक्षीला शांतता अधिक. थंडी सुरू झाली की तिथे वाळूत चोची खुपसणारे पाहुणे पक्षीही दिसतात. पण पसरट किनाऱ्यावरही पाणी शेवटी पाणीच असते, आणि इथे भरती-ओहोटीचे गणित लागते.

हे गणित कोकणातल्या दर्यावर्दी माणसांना तोंडपाठ असते आणि ते शिकायला फक्त घरातले पंचांग लागते. तिथीची पाऊणपट करा. येईल तो आकडा साधारणपणे पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागोजागी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा नेमकी वेळ गावात विचारून घ्यावी. पण घरी बसून बेत आखायला एवढे पुरे. आता लक्ष्मीपूजन असते अमावास्येला, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती मोठी, ओहोटी मोठी, पाण्याला ओढ मोठी. मुलांना पाण्यात न्यायचे ते चढत्या भरतीच्या पूर्वार्धात आणि गुडघाभर पाण्यातच. ओहोटी लागली की बाहेर. उतरते पाणी हलक्या शरीराला आपल्याबरोबर नेऊ पाहते.

म्हणून आमचा सल्ला असा की भाऊबीज आटोपून निघावे. बहिणीही रागावत नाहीत आणि समुद्रही दिवसागणिक निवळत जातो. शिवाय तृतीयेपासून पंचमीपर्यंत ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते, आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायला हीच वेळ हवी. शिवछत्रपतींनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला हा जलदुर्ग. ओहोटीला पाण्याखालची वाट उघडी पडते आणि पोरेटोरे पाय ओले करीत थेट दरवाजाशी पोहोचतात. आत गणपतीचे देऊळ आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. परतीची वेळ मात्र घड्याळ पाहून धरावी. किल्ल्यात रमलेल्यांसाठी भरती थांबत नाही. घोडागाड्या आहेत, पण पाणी चढले की त्यांचाही इलाज चालत नाही.

अलिबागचे नाव घेतले की मुले हमखास फिदीफिदी हसतात, कारण "तू काय अलिबागहून आलास का?" हे त्यांनी कुठून तरी उचललेले असते. या वाक्याविरुद्ध अलिबागच्या एका गृहस्थांनी थेट मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१९ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. खरे म्हणजे अलिबागकरांनी हसणाऱ्यांना आपली चुंबकीय वेधशाळा दाखवावी. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक उपकरणांचे काम बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले, आणि इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली; वेधशाळा अजून तिथेच आहे. उत्तरेला किहीमला गेलात तर मुलांना सांगा, की सलीम अली यांनी १९३० साली याच गावात मुक्काम करून सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले.

आता जायचे कसे? गेटवेवरून मांडव्याची बोट, तासाभराचा प्रवास, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस बोटीच्या तिकिटातच. परळ-लालबागकरांना त्याहून सोयीचा भाऊचा धक्का. मार्च २०२० पासून तिथून मोटारीसकट माणसे नेणारी मोठी रो-रो बोट मांडव्याला जाते. घरातली वडीलधारी मंडळी बोटीचे नाव काढताच गप्प होत असतील, तर त्यांची चेष्टा करू नये. १७ जुलै १९४७ रोजी याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गिरगाव-परळच्या कितीतरी घरांतून त्या गटारी अमावास्येची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तो आषाढातला खवळलेला समुद्र होता. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी आता बंदच ठेवतात. कार्तिकातला समुद्र वेगळा. तरीही ज्यांचे मन धजत नाही त्यांनी पेणमार्गे एस. टी. धरावी, वेळ दुप्पट लागेल, एवढेच.

आणि ज्यांना बोट नको, एस. टी.चे हेलकावेही नकोत, त्यांनी केळव्याला जावे. दादरहून विरार, विरारहून डहाणूकडची लोकल, आणि केळवे रोडला उतरून रिक्षा. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेल्यापासून हा सर्वांत स्वस्त समुद्र झाला आहे. वाळू काळसर, किनाऱ्याला सुरूचे दाट बन, शीतलादेवीचे देऊळ आणि त्यापुढचे तळे, गावात पानवेलींच्या वाड्या. काशीदची ऐट इथे नाही. पण उलट्या करणारे एखादे चिरंजीव बरोबर असतील तर ऐटीपेक्षा आगगाडी बरी. दिवेआगर, गुहागर ही ठिकाणे फार सुंदर आहेत; मात्र दोन रात्रींच्या सुट्टीत लहान मुलांना तिथवर नेणे म्हणजे सुट्टी रस्त्यातच संपवणे.

समुद्र ठरला, आता खोली. ज्या वाडीत मालक स्वतः राहतो, तीच निवडावी. नारळ-पोफळीच्या सावलीत चार-सहा खोल्या, पुढे ओटी, मागे मालकाचे घर. अशा ठिकाणी फोन केला की बहुधा घरातली बाई बोलते. तिला विचारावे, "काकू, स्वयंपाक कोण करतं?" तिने जरा ठसक्यात "मीच. आणखी कोण करणार?" असे उत्तर दिले, तर निम्मी परीक्षा उत्तीर्ण. 'जेवणाची व्यवस्था होईल' असे मोघम उत्तर आले, तर आणखी दोन ठिकाणी फोन करावा. आणि 'खोलीत स्वयंपाकाची सोय आहे' हे वाक्य आमच्या सौभाग्यवती आमंत्रण समजत नाहीत, धोक्याची सूचना समजतात. गिरगावातला ओटा सोडून नागावच्या ओट्यापुढे उभे राहायचे, तर बोटीचे पैसे कशाला खर्चायचे, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. त्याला आमच्याजवळ उत्तर नाही.

भाव ठरवताना खोलीचा आकडा ऐकून हुरळू नये. माणशी, दिवसाला, दोन चहा, नाश्ता आणि दोन जेवणे धरून किती, असा हिशेब मागावा. स्वस्त खोलीचे पैसे मालक बहुधा पापलेटच्या तुकडीत वसूल करतो. तेव्हा ताटात मासळी कुठली, तुकड्या किती, जादा भाकरीचे वेगळे पैसे का, हे आधीच विचारावे. त्यात लाज कसली? आजीकडे नसते विचारले; पण काकू कितीही प्रेमळ असल्या तरी तो त्यांचा धंदा आहे, आणि स्पष्ट विचारणारे गिऱ्हाईक त्यांनाही आवडते. जादा गादीचे किती, मुलांचे अर्धे कुठल्या वयापर्यंत, खोली सकाळी किती वाजता सोडायची, वीज गेली तर पंखा चालतो का, आंघोळीला गरम पाणी बादलीने की नळाने, हेही विचारून घ्यावे. मुलांची वये मात्र खरी सांगावीत. रेल्वेच्या तिकिटासाठी वय कमी करण्याची आपली परंपरा जुनी आहे. पण ओटीवर बसून चिरंजीव स्वतःच "मी सहावीत आहे" असे अभिमानाने जाहीर करतात.

शनिवार-रविवारचे दर चढे असतात आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. सुट्टी मुलांना आहेच. तुम्ही दोन दिवसांची रजा काढून सोमवारी जा, बुधवारी परता. खोली स्वस्त पडेल, काकूंना बोलायला वेळ असेल, आणि त्यांच्या घरातला एखादा तरुण मुलांबरोबर पाण्यापर्यंत येऊन "इथवर ठीक, त्या खुंटाच्या पलीकडे नको" असे दाखवूनही देईल. येताना दुपारची बोट धरावी. संध्याकाळच्या बोटीला गर्दी फार असते. वरच्या मजल्यावर जागा मिळाली तर पाहावी. थंडीच्या दिवसांत मांडव्याच्या धक्क्यापासून पांढरे कुरव बोटीच्या मागे लागतात आणि गेटवे दिसू लागेपर्यंत मुलांचे लक्ष घराकडे जात नाही.